कोल्हापूरचें वस्तुसंग्रहालय

कोल्हापुरास आलेला प्रवासी अंबाबाईचें दर्शन घेतो, रंकाळ्यावर फेरी मारतो आणि परततो. टाऊन हॉलकडे त्याचे पाय क्वचितच वळतात. मेजर चार्ल्स मँट याच्या आराखड्याप्रमाणें १८७६ च्या सुमारास पुरी झालेली ही गॉथिक धाटणीची इमारत. शहराचें वस्तुसंग्रहालय हिच्यांतच आहे.

या संग्रहालयाचा जन्म उत्खननांतून झाला. पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर प्रथम प्रा. कुंदनगार यांनीं आणि मागाहून, १९४५-४६ सालीं, डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनीं खोदकाम केलें. मातीखालीं सातवाहनांच्या काळची वस्ती उघडी पडली. तेथें सांपडलेल्या कांशाच्या वस्तूंत हाताच्या पंजाएवढी एक परकी मूर्ति होती. ती ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची!

समुद्र तर सह्याद्रीपलीकडे; मग हा समुद्रदेव घाट चढून आला कसा? त्या काळीं पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून रोमन साम्राज्याशीं व्यापार चाले. मिरीं, कापड, हस्तिदंत तिकडे जाई. मद्य, नाणीं, धातूच्या वस्तू इकडे येत. करवीरची बाजारपेठहि त्या जगाला जोडलेली होती, याची साक्ष ही एवढीशी मूर्ति देते.

याच संग्रहांत आबालाल रहिमान यांचीं चित्रें आहेत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेल्या या चित्रकारास शाहू महाराजांचा आश्रय लाभला. कोल्हापूरचीं तळीं, नदीकांठ, बदलणारा प्रकाश हेच त्यांचे आवडते विषय. १९२२ सालीं महाराज निवर्तले. त्या शोकांत आबालालांनीं आपलीं कितीतरी चित्रें कोटितीर्थाच्या पाण्यांत सोडलीं, असें कोल्हापुरांत सांगतात. १९३१ सालीं तेहि गेले. संग्रहालय सुरू झालें तें १९४६ सालीं.

कांशाची मूर्ति मातीनें शतकानुशतकें सांभाळली. कागदावरचा रंग मात्र माती सांभाळीत नाहीं, पाणी तर नाहींच. तो माणसानेंच जपावा लागतो. संग्रहालयाचें प्रयोजन हेंच.

म्हणून सुज्ञ गृहस्थानें मुलांस घेऊन तेथें जावें, पण सगळीं दालनें एका दमांत उरकूं नयेत. एक मूर्ति व एक चित्र निवांतपणें पाहिलें तरी दिवस सत्कारणीं लागला असें समजावें. आणि घरीं परतल्यावर माळ्यावरचें आजोबांच्या वेळचें एखादें चित्र रद्दींत टाकण्यापूर्वीं तें एकवार उजेडांत धरून पाहावें.