जुन्या बरणीचे नवे रूप



सिल्व्हर पार्कमधील सदनिकांत जागा मोजकीच. तरी रिकाम्या बरण्या व डबे साठतातच. त्यांना देखणे रूप देणारी पॉलिमर क्ले ही कला भगिनीवर्गाने अवश्य शिकावी, परंतु विवेकाने.

नावात ‘क्ले’ असले, तरी ही माती नव्हे. पीव्हीसी प्लास्टिकमध्ये मृदुकारक द्रव व रंग मिसळून ती बनते. जर्मनीत 1960च्या दशकात ती ‘फिमो’ नावाने बाजारात आली. काचेच्या वा धातूच्या वस्तूवर पाने-फुले बसवून, वेष्टनावरील सूचनेनुसार, साधारणतः 110 ते 130 अंश सेल्सिअसला ओव्हनमध्ये भाजली की ती कठीण होते. करपल्यास घातक वायू निघतो. अन्नपाण्याचा स्पर्श होईल तेथे, पेल्याच्या काठावर वा ताटात, ती कदापि लावू नये.

माती खणावी लागत नाही, म्हणून पृथ्वीकायिक जीवांची विराधना टळली, असे कोणी म्हणेल. परंतु प्लास्टिक मातीत विरत नाही. त्याची बाधा पुढील पिढ्यांतील जीवांनाही पोहोचते. म्हणून टाकाऊ वस्तू वाचवण्यापुरतीच ही कला अपरिग्रहाशी सुसंगत ठरते; सजावटीसाठी नवी बरणी विकत आणली, की तो परिग्रहच.

हातातील कला वाढो, घरातील संचय न वाढो. जय जिनेंद्र!