दक्षिण ध्रुवाकडचे शेवाळ



आषाढाच्या दोन-चार सरी झाल्या की आपल्या जुन्या घरांच्या भिंती हिरव्या होऊ लागतात. घरातली माणसे म्हणतात, 'भिंतीला शेवाळ धरले'; शेजारी म्हणतात, 'काई जम गई'. कालीसिंधेच्या ओल्या दगडांवर पाय घसरतो, तोही शेवाळानेच. दिवाळीआधी आपण भिंत खरवडतो, चुना मारतो आणि विसरून जातो. आज ज्या भूमीविषयी बोलायचे आहे, तिथे हेच शेवाळ म्हणजे अख्खे रान आहे. ते तुडवून त्याची नासधूस करायला तिथे आंतरराष्ट्रीय कराराने मनाई आहे.

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. एका 'शेवाळ' शब्दात आपण दोन वेगळ्या वनस्पती कोंबल्या आहेत. ओल्या दगडावरचा बुळबुळीत थर म्हणजे शैवाल. त्याला ना खोड, ना पान. भिंतीवरची मखमल निराळी. भिंग घेऊन पाहिले तर तिच्यात एकेक इवलेसे रोप दिसते, त्याला बारीक खोड आणि पाने असतात. शाळेच्या पुस्तकात याला 'मॉस' म्हणतात. मीही तोच शब्द वापरतो. या दोघांच्या शेजारी तिसरे नाव ठेवा, दगडफुलाचे. गोड्या मसाल्यात आपण घालतो ते दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार.

ही तीन नावे घेतली की अंटार्क्टिकाच्या वनस्पतींची यादी जवळजवळ संपते. फुलणाऱ्या देशी वनस्पती त्या खंडावर दोनच. एक गवत आणि एक उशीसारखे वाढणारे रोपटे. त्याही दक्षिण अमेरिकेकडे झुकलेल्या द्वीपकल्पाच्या बाजूला. मॉसच्या जाती मात्र शंभराच्या आसपास आहेत. सगळ्या खंडात बर्फाबाहेर उघडी जमीन एक टक्क्याहूनही कमी, आणि तेवढ्यात यांची वस्ती.

आपल्या देशाची तिकडची वाट गोव्यातून निघाली. डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालची पहिली मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी अंटार्क्टिकावर उतरली. १९८३ साली निघालेल्या तिसऱ्या मोहिमेत अदिती पंत होत्या. जन्म नागपूरचा, पदवी पुणे विद्यापीठाची, घराणे औंधच्या पंतप्रतिनिधींचे. त्या आणि भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता या भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या महिला. अदिती पंतांचा अभ्यास सागरी शैवालांचा. तिथल्या समुद्रातले सूक्ष्म शैवाल क्रिल नावाचे कोळंबीसारखे जीव खातात. क्रिलवर पेंग्विन आणि देवमासे जगतात. म्हणजे समुद्रातही सगळा डोलारा शेवाळावरच उभा.

आता जमिनीवरच्या मॉसकडे येऊ. ते जगते कसे? आपल्याला वाटते, थंडी हा त्याचा मोठा शत्रू. खरी टंचाई पाण्याची आहे. चहूकडे पाणीच, पण गोठलेले. ते वनस्पतीच्या काय कामाचे? उन्हाळ्याच्या थोड्या आठवड्यांत बर्फ वितळून ओहळ वाहतात, त्यांच्या काठाने मॉस वाढते. त्याला खरी मुळे नाहीत. दगडाला धरून राहायला केसासारखे तंतू तेवढे असतात. पाणी ते सगळ्या अंगाने पिते आणि तसेच अंगाने गमावते. पाणी संपले की ते वाळून निपचित पडते. पेशींच्या नाजूक पडद्यांना त्यातल्या शर्करा सांभाळतात. पुन्हा ओल मिळाली की पाने उघडतात आणि थांबलेले काम सुरू होते.

हे थांबणे किती काळ चालावे? सिग्नी बेटावरच्या गोठलेल्या थरातून ब्रिटिश शास्त्रज्ञांनी मॉसचा एक उभा गाभा कापून आणला. उजेड आणि ऊब मिळताच त्यातल्या सुमारे १५०० वर्षांपूर्वीच्या मॉसला नवे कोंब फुटले. हे संशोधन २०१४ साली प्रसिद्ध झाले.

आपल्या 'भारती' या तिथल्या केंद्राजवळही मॉस आहे. २०१७ साली पंजाब केंद्रीय विद्यापीठाचे फेलिक्स बास्ट यांनी तिथून एक नमुना आणला. २०२१ साली तो नवी जात म्हणून जाहीर झाला आणि केंद्रावरून त्याला 'ब्रायम भारतीएन्सिस' हे नाव मिळाले. याच ब्रायम कुळातले एक रुपेरी मॉस जगभरच्या शहरांत फरसबंदीच्या फटींत उगवते आणि अंटार्क्टिकातही सापडते. भिंतीवरच्या शेवाळाचे नातलग इतके दूर पोचले आहेत.

एवढे चिवट आहे, तर काळजी कसली? काळजी आहे. पूर्व अंटार्क्टिकात ऑस्ट्रेलियाच्या केसी केंद्राजवळ मॉसचे मोठे गालिचे आहेत. २००० सालापासून तिथे ठरावीक जागांची पाहणी चालली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की तो भाग कोरडा पडत चालला आहे. ओल मागणारे मॉस मागे हटत आहे, कोरडेपणा सोसणारे पुढे येत आहे, आणि हिरवे गालिचे आधी लालसर, मग करडे पडत आहेत. उलट द्वीपकल्पाच्या बाजूला ऊब वाढल्याने हिरवळ पसरते आहे. १९८६ साली ती एक चौरस किलोमीटरहून कमी होती, २०२१ साली सुमारे बारा झाली. एकाच खंडावर एका अंगाला मॉस वाळते आहे आणि दुसऱ्या अंगाला ते पसरते आहे.

वाळून पुन्हा जगणारे मॉस कोरडेपणाने मरते कसे, असे कोणी विचारील. जागे होणे फुकट नसते. ओल मिळाल्यावर आधी झिजलेल्या पेशींची डागडुजी करावी लागते, आणि त्यात साठवण खर्च होते. ओल पुरेशी टिकली तर उन्हात नवी कमाई होते. पण घटकाभर ओल आणि पुन्हा कोरड, असे वारंवार झाले तर दर वेळी खर्चच होतो. वाट पाहण्याची ताकद अफाट असली, तरी मधूनमधून भरपूर ओल मिळावीच लागते. वर्षातून एकदा भरणाऱ्या आपल्या या सभेने आणि पिढ्यानपिढ्या माळव्यात राहिलेल्या आपल्या मराठीनेही हे ध्यानात ठेवावे.

शेवटी एक विनंती. येत्या वैशाखात भिंतीवरचा वाळून तपकिरी झालेला मॉसचा एखादा पुंजका वाटीत घ्या, नातवंडांना जवळ बोलवा आणि त्यावर पाणी शिंपडा. चहा होईपर्यंत बहुधा मिटलेली पाने उघडू लागतील. ध्रुवाकडे जे चालते, तेच तुमच्या ओसरीवर दिसेल. आणि या दिवाळीला एक कोपरा खरवडायचा ठेवा.