रित्या कोठारापुढचा दिवा
(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित अंश)



आपल्याकडून आसामला जाणाऱ्या मंडळींचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. कामाख्या देवीचे दर्शन, काझीरंग्याचा एकशिंगी गेंडा, चहाच्या मळ्यात एक छायाचित्र आणि परतताना चहाची पुडी. यात गैर काहीच नाही. परंतु एखाद्या प्रांताच्या घरात कोणत्या महिन्यात काय शिजते आणि कोणत्या महिन्यात हात आखडता घ्यावा लागतो, हे कळले नाही, तर प्रवास घडतो, परिचय घडत नाही. आसामचा परिचय करून घ्यायचा तर बिहू समजून घ्यावा लागेल.

बिहू म्हटले की ढोल, पेपा आणि नृत्य डोळ्यांसमोर येते. एप्रिल २०२३ मध्ये गुवाहाटीत अकरा हजारांहून अधिक कलावंतांनी एकाच वेळी बिहू सादर केला आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांत झाली. परंतु बिहू एक नाही, तीन आहेत. आणि तिन्हींची दोरी भाताच्या शेतीला बांधलेली आहे.

पहिला बोहाग अथवा रंगाली बिहू, एप्रिलच्या मध्यास. त्याचा आरंभ होतो तो गुरांपासून. चैत्राच्या अखेरच्या दिवशी, 'गोरू बिहू'ला, गुरांना उडीद-हळदीचे वाटण लावून नदीवर न्हाऊ घालतात, दुधीभोपळ्याच्या व वांग्याच्या फोडी देतात, नवी दावी बांधतात. आपल्या पोळ्याचा हा सख्खा भाऊच! दुसऱ्या दिवशी माणसांचा बिहू. घरच्या मागावर विणलेला गामोसा देऊन वडीलधाऱ्यांना वंदन करायचे, ही रीत.

जानेवारीच्या मध्यास येतो माघ अथवा भोगाली बिहू. धान्य घरात आलेले असते. आदल्या रात्री, 'उरुका'ला, गावकरी एकत्र जेवतात. तरुण मुले शेतात पेंढ्याचे 'भेलाघर' उभारून रात्र जागवतात. पहाटे स्नान करून बांबू-लाकडांची उंच 'मेजी' पेटवली जाते आणि अर्धवट जळालेल्या काटक्या फळझाडांच्या बुंध्याशी टाकल्या जातात. घरोघरी पिठा होतो. चिकट बोरा तांदळाचे ओलसर पीठ तव्यावर पातळ पसरायचे, त्यावर काळे तीळ व गूळ घालून सुरळी करायची, हा तीळपिठा. त्याच सुमारास आपण तीळगूळ वाटत असतो. न्याहारीला दही, पोहे, गूळ. शिवाय 'बोका साउल' नावाचा तांदूळ असा, की तो शिजवावा लागत नाही. साध्या पाण्यात भिजवला की मऊ होतो. शेतकऱ्याची ही जुनी शिदोरी. २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळाले.

आता तिसरा बिहू, ज्याचे छायाचित्र काढायला सहसा कोणी जात नाही. ऑक्टोबरच्या मध्यास येणारा काती अथवा कंगाली बिहू. नावातच कंगालपण! जुने धान्य संपत आलेले, नवे अजून शेतात हिरवे. म्हणून या दिवशी ढोल नाही, मेजवानी नाही. अंगणातल्या तुळशीपुढे दिवा, धान्याच्या कोठारापाशी दिवा आणि उभ्या पिकात दिवा. कोठे उंच बांबूवर 'आकाशबंती' टांगतात. आपल्या आकाशकंदिलाची आठवण व्हावी, अशी.

माझ्या मते आसामचे खरे सामर्थ्य या सणात आहे. भरल्या घरात उत्सव कोणीही करील. कोठार रिते असताना जो समाज हात पसरण्याऐवजी शेतात जाऊन दिवा लावतो, त्यालाच भोगाली बिहूच्या घासाची गोडी कळते. मधला उपास वगळून दोन टोकांचे उत्सव तेवढे पाहिले, तर आपल्या हाती नुसती करमणूक लागते.

आणि या दिव्याखालची जमीनच आज सुरक्षित नाही. ब्रह्मपुत्रेतील माजुली हे बेट श्रीमंत शंकरदेवांच्या परंपरेतील सत्रांचे माहेरघर. विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याची निम्म्याहून अधिक भूमी नदीने गिळली. बांध कोसळतो, तेव्हा केवळ भातखाचर जात नाही. मेजी रचायची जागा, गुरे धुण्याचा घाट आणि कातीचा दिवा लावायचे शेतही जाते. रंगमंचावरचा बिहू शहरात टिकेल, पण शेतातला बिहू शेतावाचून कोठे टिकणार?

म्हणून एवढेच सुचवतो. आसामला जाल, तेव्हा एकदा ऑक्टोबरात जा. हॉटेलातील ओळखीचे जेवण बाजूला ठेवून केळीच्या सालीच्या राखेपासून केलेला 'खार' चाखा. आपल्या पापडखाराचा तो दूरचा नातेवाईक. गामोसा घ्याल तो हातमागाचा घ्या. २०२२ मध्ये मानांकन मिळाले ते याच वस्त्राला. आणि सायंकाळी एखाद्या शेतापाशी थांबून, न बोलता, तो मिणमिणता दिवा पाहा. त्याच्या उजेडात लोंब्या भरायच्या असतात.