परदेशातील अनाथालय आणि आपली सुट्टी



आज आम्ही बोलणार आहोत ते आमच्या हातून फसलेल्या एका सत्कार्याविषयी. व्यासपीठावर माणूस एकच उभा दिसत असला, तरी हा 'आम्ही' मोठेपणाचा नव्हे. २०१७ च्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौदाजण कंबोडियाला गेलो होतो. त्यांतले पाच-सहाजण समोरच बसले आहेत. आम्ही चुकलो तर ते खुशाल टोकतील.

अंकोरची देवळे पाहून झाली होती. समुद्रमंथनाचे ते लांबलचक शिल्प पाहून, परमुलुखात आपलेच कोणी भेटावे तसे आम्हांला झाले होते. सियाम रीप गावी परतताना रिक्षावाल्याने विचारले, अनाथ मुलांना भेटायचे का? घरून नेलेले लाडू-चकल्यांचे दोन डबे शिल्लक होते. सणाचे दिवस. गेलो.

फाटक उघडेच होते. आमची नावेगावे कोणी विचारली नाहीत. चाळीसएक मुले असतील. त्यांनी नाच करून दाखविला, इंग्रजी गाणे म्हटले. पाचएक वर्षांचा एक मुलगा धावत आला आणि आमच्यातल्या एका काकूंच्या मांडीवर जो बसला, तो उठेचना. काकूंच्या डोळ्यांना धार लागली. निघताना दारापाशी पेटी होती, तिच्यात आम्ही डॉलर टाकले. आणि दर दिवाळीला या मुलांना कपडे, खाऊ, खेळणी पाठवायची, असा ठराव परतीच्या वाटेवरच करून मोकळे झालो.

एक गोष्ट तेवढी खटकली होती. बारा-तेरा वर्षांच्या एका मुलीला थोडे इंग्रजी येत होते. आमच्यातील एका बाईंनी तिला सहज विचारले, "सणाला तुम्ही काय करता ग?" ती म्हणाली, "आईकडे जाते. यंदा नाही गेले. पाहुणे येणार होते."

अनाथालयातली मुलगी आईकडे कशी जाईल? तिला नेमका शब्द सापडला नसेल, अशी आम्ही आपली समजूत घातली. दान करायचे मनात पक्के असले, की माणसाला समजूत फार लवकर पटते.

तो सण कोणता, हे आम्हांला पुढे कळले. भाद्रपदाच्या वद्य पक्षात आपण पितृपक्ष पाळतो. त्याच पंधरवड्यात ख्मेर लोकांचा 'प्चुम बेन' असतो. यातला 'बेन' म्हणजे आपला पिंडच, आणि 'प्चुम' म्हणजे एकत्र जमणे. शहरांत पोटासाठी गेलेला माणूस त्या दिवसांत गावी परततो, देवळात भिक्षूंना अन्न देतो, पितरांना भाताचे गोळे वाहतो. एप्रिलच्या मध्यास त्यांचे नवे वर्ष येते, तेव्हाही तीच धांदल. म्हणजे आम्ही लाडू वाटले त्याच्या अवघा महिनाभर आधी सारा देश आपापल्या घरी जमला होता, आणि ती मुलगी पाहुण्यांसाठी मागे राहिली होती. ते पाहुणे आमच्यासारखेच कोणी असणार.

घरी आल्यावर वर्गणी जमू लागली. आमच्यापैकी एकाची पुतणी समाजकार्याचे शिक्षण घेतलेली. तिने एकच प्रश्न टाकला : "काका, या मुलांना आईबाप नाहीत, हे तुम्हांला सांगितले कोणी?" कोणीच सांगितले नव्हते. दारावर पाटी होती, एवढेच.

१९७५ ते १९७९ या ख्मेर रूजच्या राजवटीत त्या देशात माणसांचे जे हत्याकांड झाले, ते ऐकून आपण धरून चालतो की ही मुले त्यातलीच. पण काकूंच्या मांडीवरचे पोर जन्मले असेल २०१२ च्या सुमारास! मग आम्ही वाचू लागलो. २००५ साली कंबोडियात अशी १५४ वसतिगृहे होती, २०१० साली ती २६९ झाली. युद्ध केव्हाच संपले होते. वाढत होते ते प्रवासी. युनिसेफने २०११ साली दाखवून दिले, की तेथल्या मुलांपैकी सुमारे तीनचतुर्थांश मुलांच्या आईबापांपैकी निदान एकजण हयात आहे. २०१५ च्या पाहणीत अनाथालये चारशेच्या वर आणि मुले साडेसोळा हजार भरली. गरीब आईला सांगतात, तुझ्या मुलाला शाळा मिळेल, इंग्रजी येईल, पोटभर भात मिळेल. ती पाठविते. तिचे काय चुकले? पुढे मूल आहे तोवर देणगी आहे, असा हिशेब जेथे बसतो, तेथे मूल घरी जाणे कोणाला परवडत नाही. ऑस्ट्रेलियाच्या संसदीय समितीने तर २०१७ सालीच आधुनिक गुलामगिरीवरील आपल्या अहवालात या व्यवहाराची दखल घेतली.

आणि मांडीवरचे ते पोर. आपल्या घरातले पाच वर्षांचे मूल परका माणूस दिसताच आईच्या पदराआड दडते. जॉन बोल्बी या इंग्रज मानसतज्ज्ञाने १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी आईपासून तुटलेल्या मुलांवर अहवाल लिहिला, तेव्हापासून हा विषय अभ्यासिला जात आहे. या शतकाच्या आरंभी रुमानियात, बुखारेस्ट येथे, संस्थांतील १३६ तान्ह्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. त्यांतली निम्मी पालक कुटुंबांत ठेवली, आणि जी लवकर घरात गेली ती अधिक सावरली. वाटेल त्याच्या गळ्यात पडणे हे अशा संस्थांतील मुलांत वारंवार आढळणारे लक्षण आहे. आम्ही त्याला माया समजलो होतो. काकूंना हे सांगणे आमच्या जिवावर आले होते.

आम्ही त्या संस्थेला पत्र धाडले. किती मुलांचे आईबाप हयात आहेत? मुले घरी केव्हा जातात? गेल्या वर्षी कायमची किती परतली? रस्त्यावरच्या प्रवाशाला आत का सोडता? उत्तरादाखल नवी छायाचित्रे आली, आणि नाताळच्या देणगीची आठवण.

जमलेले ७३ हजार रुपये तसेच पडून होते. त्यावरून आमच्यात जे भांडण झाले ते बरेच दिवस चालले. एक निवृत्त मास्तर म्हणाले, "तुमचे सारे आकडे खरे. पण पैसे थांबले, तर आज रात्री त्या मुलांच्या ताटात भात कमी पडेल, त्याचे काय?" या प्रश्नाला आमच्याजवळ पुरते उत्तर नव्हते; आजही नाही. मास्तरांनी आणि आणखी दोघांनी आपला वाटा एक वर्ष त्या संस्थेलाच पाठविला. आम्ही त्यांना अडविले नाही. उरलेली रक्कम मुलांना घरी पोचविण्याचे काम करणाऱ्या दुसऱ्या एका मंडळींकडे गेली.

त्यांचे काम दिसायला अगदी नीरस. मुलाचे गाव शोधायचे, आईला भेटायचे, घर सुरक्षित आहे का ते पाहायचे. काही घरांत दारू असते, मारहाण असते. तेथे मूल ढकलून चालत नाही, मग आजी किंवा मावशी, नाही तर पालक कुटुंब. सणाला त्यांचे मागणे असते ते एसटीच्या भाड्यासारख्या भाड्याचे, आणि पोर पंधरा दिवस राहिले तर घराला जड होऊ नये म्हणून तांदळाच्या पोत्याचे. खाऊ आणि खेळणे द्यायचेच असेल तर ते मुलाच्या पिशवीतून घरी जाते. धाकट्या बहिणीच्या हाती ते स्वतः देते. छायाचित्र येत नाही. आमच्या काही वर्गणीदारांनी छायाचित्र नाही म्हणून वर्गणी बंद केली, हेही येथे सांगितले पाहिजे.

काकू अजून मधूनच विचारतात, तो मुलगा घरी गेला असेल का हो? चौकशी करायची म्हटले तर करणार कशी? त्याची एकोणीस छायाचित्रे आमच्याजवळ आहेत. नाव मात्र चौदाजणांपैकी कोणीच विचारले नव्हते.