दबा आणि धाव : मरळ व सुरमई



आपल्या मासळीबाजारात मरळ अनेकदा जिवंत विकायला येते. सुरमई येते ती बर्फावरच. जिवंत सुरमई टोपलीत कुणी पाहिलेली नाही. हा फरक विकणारणीच्या सोयीतून आलेला नाही. तो श्वासातून आला आहे. आणि या दोघींची शिकारीची रीतही श्वासानेच ठरवली, एवढंच मला आज मांडायचं आहे.

एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. तेवढ्याच पाण्यात तो १० मिलिलिटरही नसतो. उन्हाळ्यातल्या गढूळ तळ्यात तर त्याहून कमी. मरळ अशाच पाण्यात राहते. तिच्या कल्ल्यांच्या वर रक्तवाहिन्यांनी भरलेली एक पोकळी असते. थोड्याथोड्या वेळाने वर येऊन ती हवेचा घोट घेते. तिला वर येऊ दिलं नाही, तर मासा असूनही ती बुडून मरते! तळं आटलं, तर ती चिखलात दडून तग धरते, ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरं पाणीही गाठते. कल्ल्यांवरून पाणी खेळवत राहण्याची सक्ती नसल्याने तिला स्थिर राहणं परवडतं. पाणवनस्पतींत ती निश्चल पडून राहते आणि बेडूक वा मासोळी टप्प्यात आली की एकच झडप घालते.

सुरमईला ही चैन नाही. तोंड किंचित उघडं ठेवून पोहताना जे पाणी कल्ल्यांवरून जातं, तोच तिचा श्वास. पोहणं थांबलं की श्वास थांबला. शिवाय तिच्या पोटात हवेची पिशवी नाही. थांबली तर ती खाली जाईल. जन्मभर पोहायचंच असेल, तर पाठलाग हीच तिची शिकार. निमुळतं अंग, चंद्रकोरीसारखी शेपटी, त्रिकोणी धारदार दात घेऊन ती तारलीसारख्या लहान माशांच्या थव्यांत घुसते. समुद्रात आडोसा नाही, म्हणून पाठ निळसर आणि पोट चंदेरी. वरून पाहा वा खालून, ती पाण्यात मिसळून जाते. दोन मीटरहून लांब वाढणारी ही जात तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलियापर्यंत पसरली आहे आणि सुएझ कालव्यातून भूमध्य समुद्रातही शिरली आहे.

संसारही तसेच. सुरमई लाखो अंडी खुल्या पाण्यात सोडून पुढे जाते. मरळीची जोडी मात्र गवत बाजूला सारून जागा करते, तरंगत्या अंड्यांवर आणि मग पिल्लांच्या तांबूस थव्यावर पहारा देते. गळ टाकणाऱ्यांना हे ठाऊक असतं. तो थवा दिसला की ते तिथेच आमिष टाकतात. मरळ भूक नसतानाही त्यावर तुटून पडते आणि अडकते. मागे उघडी पडलेली पिल्लं इतर मासे फस्त करतात.

म्हणून दोघींना एकच नियम लावून चालणार नाही. समुद्रात पिल्लांना राखणारं कुणी नसतं. तिथे सुरमईला निदान एकदा अंडी घालण्याएवढी वाढू द्यायला हवी, म्हणजे जाळ्याच्या आसाचा आकार पाहायला हवा. तळ्यात मात्र मोठी मरळच पिल्लांची राखणदार असते. पावसाळ्यात तांबूस थवा दिसला, तर तिथे गळ टाकू नये. पहिल्या कामाला सरकार लागेल. दुसरं गावाला आजही करता येईल.