नारळ वाढव, बाळ!

ज्या घरात आजी-आजोबा आहेत आणि पाच-सहा वर्षांचे नातवंड आहे, त्या घरी करमणुकीला निराळे साधन लागत नाही. दोघेही मराठीच बोलतात. पण एकाची मराठी सत्तर वर्षे मुरलेली, तर दुसऱ्याची नुकती उगवलेली. शब्द तेच, अर्थ मात्र निराळे. मग जी गंमत होते तिला आपण हसतो आणि सोडून देतो. आज त्या हसण्याच्या थोडे पलीकडे जाऊन पाहू या.

'वाढणे' हा साधा शब्द घ्या. आजी पूजेला बसली आहे. ती म्हणते, "बाळ, तेवढा नारळ वाढव रे." बाळ नारळ उचलतो आणि नेऊन थेट ताटात ठेवतो. 'भात वाढ' म्हटले की भात पानात पडतो, मग नारळही पानातच पडायला हवा! थोरली बहीण म्हणते, "अरे, तसं नव्हे," आणि नारळ अंगणात नेऊन त्यावर तांब्याभर पाणी ओतते. झाडे पाण्याने वाढतात हे ती शाळेत शिकली आहे. दोघांचेही तर्कशास्त्र बिनचूक आहे. गोष्ट एवढीच, की आजी 'फोड' हा शब्द तोंडातून काढणार नाही. जे शुभ, त्याचे फुटणे, तुटणे, संपणे बोलून दाखवायचे नाही, ही जुनी रीत. म्हणून बांगडी फुटत नाही, वाढते. रात्री दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. निघालेला माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. उंबऱ्यावरचा पाहुणा "बराय, येतो हं," म्हणाला की पोर विचारते, "तुम्ही तर केव्हाच आलात, आता आणखी कसे येणार?" मोठी माणसे पोराला गप्प करतात. खरे म्हणजे त्याने व्याकरणाचा प्रश्न विचारला आहे, आणि त्याचे उत्तर संस्कृतीत आहे.

दुसरा शब्द 'परवा'. आपल्या भाषेत होऊन गेलेला परवाही परवाच आणि येणारा परवाही परवाच. निवाडा करायचा तो वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदाने. पण पोरांना धीर कुठला? नातू पळतापळता ओरडतो, "आजोबा, मामा परवा बाजारात!" आणि खेळायला पसार. आजोबा दोन दिवसांनी धुवट टोपी घालून एस.टी.च्या थांब्यावर जाऊन बसतात. मामा मात्र दोन दिवसांपूर्वीच बाजारात भेटून परत गेलेला असतो. इथे हसू येते. पण तोच 'परवा' दवाखान्याच्या निरोपात असला, तर हसण्याची गोष्ट राहत नाही.

आता हिशेबाकडे वळू. आजोबा खूश होऊन म्हणतात, "पोरा, तुझं बोलणं सोळा आणे खरं!" पोराचा चेहरा पडतो. त्याला ठाऊक आहे ते शंभरापैकी गुण. शंभरात सोळा म्हणजे सरळ नापास! रुपयाचे सोळा आणे होते आणि 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. चार आण्यांच्या जागी आलेले पंचवीस पैशांचे नाणेसुद्धा 2011 साली चलनातून गेले. नाणी गेली, पण आजोबांच्या बोलण्यातले आणे अजून खणखणतात.

उलट बाजूनेही तेच. 2019 साली इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे वाचन आले. मुलाला आकडा लिहिताना आधी दशक मांडावा लागतो, तसाच तो बोलताही यावा, हा त्यामागचा विचार. त्यावर राज्यभर वाद झाले. पण घरात काय होते, ते ऐका. नात सांगत येते, "आजी, दुकानदारकाकांनी पन्नास दोन मागितलेत." आजी पन्नासच्या दोन नोटा काढून देते! हवे होते बावन्न, गेले शंभर. दुकानदार भला म्हणून उरलेले परत आले.

शिक्षकमित्रांनो, लहान मूल 'मी केलं' न म्हणता 'मी करलं' म्हणते, ते तुम्ही ऐकले असेल. 'धरलं, भरलं, सरलं' यांवरून त्याने स्वतः नियम बांधला आणि 'कर'ला लावला. नियम त्याचा बरोबर; आडमुठी आहे ती भाषा. तेव्हा त्याला हसून लाजवू नका. "हो का, तू केलंस का?" एवढे म्हटले तरी पुरे.

आजोबांच्या बाजूनेही एक गोष्ट ध्यानात ठेवा. वय झाले की कानाला आधी बारीक, उंच पट्टीचे आवाज कमी येऊ लागतात, आणि पोराचा आवाज नेमका त्याच पट्टीतला. 'स', 'फ' यांसारखी अक्षरे निसटतात आणि शब्दाचा भलताच शब्द होतो. अशा वेळी किंचाळून उपयोग नाही. समोर बसून, तोंड दिसेल असे, सावकाश बोलावे. हे मुलांना शिकवले तर ती आनंदाने करतात.

कारण खरा धोका गैरसमजाचा नाही. ज्या पोराला हसतात ते विचारायचे थांबते. ज्या म्हाताऱ्याला 'तुम्हाला काही कळत नाही' म्हणतात तो सांगायचे थांबतो. मग घरात दोघेही असतात, पण बोलणे उरत नाही. आणि पायली, कोस, कोनाडा, वळचण हे शब्द सांगणाऱ्याबरोबरच निघून जातात.

यावर एक सोपा उपाय आहे. गुरुजींनी मुलांना आठवड्यातून एकदा सांगावे, 'घरच्या म्हाताऱ्या माणसाचा न समजलेला एक शब्द आणा, आणि त्यांना न समजलेला तुमचा एक शब्द समजावून या.' वहीचे एक पान पुरेल. त्या पानावर हसणेही होईल आणि शिकणेही.

बराय, श्रोतेहो, येतो.