कोरा कागद आणि कर्जदाराचे हक्क



तेरखेड्याचे नाव फटाक्यांच्या कारखान्यांमुळे सर्वदूर पोहोचले आहे. हंगामी धंद्याला हंगामापूर्वी पैसा लागतो, शेतीचेही तसेच. कर्ज देणारे व घेणारे दोघेही या सभेत आहेत, हे ध्यानी घेऊनच मी बोलणार आहे.

12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरां-दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख माणसांपेक्षा कर्जरोख्यांवर होता. ते मिळवून त्यांची होळी केली गेली. त्यातून 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्याला तो लागू झाला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. रोख्यावरील आकड्यामागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार त्याने न्यायाधीशांना दिला. माझ्या मते त्या कायद्याचे मर्म हेच.

तोच विचार महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 मध्ये आहे. परवान्यावाचून सावकारी केल्यास 5 वर्षांपर्यंत कारावास, 50 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शासनाने 2014 मध्ये परवानाधारकांसाठी ठरविलेले कमाल वार्षिक दर शेतकऱ्यास तारणावर 9 व विनातारण 12 टक्के, तर इतरांस 15 व 18 टक्के असे आहेत. दरमहा ‘शेकडा तीन’ म्हणजे वर्षाला 36 टक्के; हा हिशेब ज्याने त्याने मनाशी करावा! शिवाय व्याजाची वसुली मुद्दलाहून अधिक करता येत नाही. आपल्या जुन्या व्यवहारातील दामदुपटीचा नियम तो हाच. नातलगास दिलेले बिनव्याजी हातउसने मात्र या कायद्यात येत नाही.

खरा घात होतो तो कोऱ्या कागदावरील सहीने. रक्कम न लिहिलेल्या दस्तावर सही घेण्यास कायद्याने मनाई आहे. देणाऱ्याने हिशेब ठेवणे व मिळालेल्या प्रत्येक रकमेची पावती देणे बंधनकारक आहे.

जमिनीचा प्रश्न याहून बिकट. कर्जापोटी खरेदीखत करून घ्यायचे आणि ‘पैसे फेडा, जमीन परत करतो’ असे तोंडी सांगायचे, हा प्रकार सर्वांच्या परिचयाचा आहे. अर्जापूर्वीच्या 15 वर्षांत जमीन अशी गेली असल्यास कलम 18 अन्वये सहकार खात्याच्या जिल्हा निबंधकांकडे दाद मागता येते. चौकशीत व्यवहार सावकारीचाच ठरल्यास ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात. अर्जासोबत खरेदीखताची प्रत, सातबारा उतारा आणि परतफेडीच्या पावत्या वा बँकेतील नोंदी जोडाव्यात. बोलणी तोंडी झाली असल्यास त्या वेळी हजर असलेल्यांची नावेही लिहावीत.